बारा ते चारचा पहारा

परुळेकर सरांनी शब्द दिला तो सोसायटीच्या सभेत, विषयपत्रिकेवरच्या नवव्या मुद्द्याला आणि चहा यायच्या आधी. रिकाम्या पोटी माणसाने सभेत बोलू नये, असं मीनाताईंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, जुनं मत आहे. पण त्या दिवशी त्या बायकांच्या रांगेत बसल्या होत्या आणि तिथून त्यांच्या डोळ्यांचा इशारा सरांपर्यंत पोचायला मध्ये तीन खांब होते.

नववा मुद्दा सप्ताहाचा होता. सीवूड्समधल्या 'सागरदीप' सोसायटीच्या आवारात विठ्ठलाचं एक छोटं देऊळ आहे. देऊळ आधीचं, इमारती नंतरच्या. शेजारच्या करावे गावातली मंडळी दर माघात तिथे अखंड नामाचा सप्ताह करतात. सात दिवस 'राम कृष्ण हरी' थांबायचं नाही. ज्याचा पहारा असेल तो गळ्यात वीणा अडकवून उभा राहतो आणि नाम घेतो. त्याची वेळ संपली की वीणा पुढच्याच्या गळ्यात जाते. एकवीस वर्षं हे बिनतक्रार चाललं होतं. यंदा मात्र दुपारी बारा ते चार उभं राहायला माणूस मिळेना. गावातली तरुण मंडळी त्या वेळी बेलापूरच्या कचेऱ्यांत असतात आणि वयस्कर मंडळी डॉक्टरांनी सांगितलेल्या झोपेत.

सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव जगदाळे यांनी कळंबोलीत तीस वर्षं ट्रकचा धंदा केला होता. अडलेली गाडी पुढे काढणं हा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, "माणूस न्हाय तर मशीन लावा की. मागल्या वर्षीचं रेकॉर्डिंग हाय. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालू करायचं, वायर काढायची खिडकीतनं, स्पीकर देवळात. मिटला विषय."

तेव्हा मागून सुमित्राबाई तांडेल उठल्या. वय सत्तरीच्या पुढे, करावे गावच्या, आणि ती वीणा त्यांच्या घरची. "आन मशीन मधीच बंद परली त?"

इथे सर उभे राहिले. "बाई, बंद पडणार नाही. मी बघतो."

सुमित्राबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाम एकदा जरी तुटला ना मास्तर, तं मी वीना उचलून गावान नेईन. मंग पुढचे वर्षापासून सप्ताह आमचे देवलान. आधी तीन दुपारी चालवून दाखवा, मंग ठेवीन वीना."

सभेने हे एकमताने मान्य केलं, कारण चहा आला होता.

आता सरांनी असा शब्द का दिला, तेही सांगायला हवं. छत्तीस वर्षं पालिकेच्या शाळेत अंकगणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि गेल्या दोन वर्षांत त्यांना संगणकाला चिठ्ठ्या लिहिण्याचा नाद लागला होता. याला जाणकार शेल स्क्रिप्ट म्हणतात. घाबरायचं कारण नाही. आई बाहेर जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावते: दूध तापव, गॅस बंद कर, आजीला औषध दे. तशीच ही चिठ्ठी, फक्त ती संगणकासाठी असते आणि तो ती न कुरकुरता पाळतो.

काही कामं संगणक मागच्या मागे करतो. मागच्या शेगडीवर डाळ शिजत असते आणि आपण पुढे भाजी चिरतो, तसं. जपाचं रेकॉर्डिंग वाजवणारा प्रोग्रॅम हा मागच्या शेगडीवरचा होता. अडचण एकच. ऑफिसातला संगणक इतका जुना होता की तो प्रोग्रॅम दिवसातून एकदोनदा, कोणालाही न सांगता, बंद पडे. म्हणून सरांनी ठरवलं की दर मिनिटाला एका चिठ्ठीने डोकावून पाहायचं, जप चालू आहे का. नसेल तर चालू करायचा. आणि दर पाच मिनिटांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसा निरोप टाकायचा. ही शेवटची अट हौसेरावांची. त्यांना सगळं लेखी लागे.

पहिल्या दुपारी बारा वाजता सरांनी जप सुरू केला आणि ते जेवायला घरी गेले. ग्रुपवर निरोप येऊ लागले. जप चालू आहे. जप चालू आहे. सरांनी आमटीचा दुसरा वाडगा घेतला.

दीड वाजता बेल वाजली. दारात सुमित्राबाई. "मास्तर, देवलान कावला बोलतं त्यो पन आयकू येतं."

सर धावत खाली गेले. देऊळ शांत. त्याच क्षणी खिशातला फोन वाजला: जप चालू आहे.

झालं होतं ते असं. सरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की चालू असलेल्या सगळ्या कामांची यादी काढ आणि तीत 'जप' हे नाव शोध. पण 'जप' शोधणं हेसुद्धा एक कामच, आणि त्याच्याही नावात 'जप' हा शब्द आला. शोधणाऱ्याला यादीत तोच सापडत होता. जप वीस मिनिटांपूर्वी बंद पडला होता आणि चिठ्ठी स्वतःकडे बघून समाधानाने मान डोलवत होती.

सरांना एकदम शाळा आठवली. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी सनी नावाच्या मुलाला सांगितलं होतं, वर्गात कोणी राहिलंय का बघून ये. तो गेला, आला, म्हणाला, "सर, एक जण आहे." "कोण?" "मी होतो ना, सर." त्या वेळी सरांनी त्याला पायरीवर बसवून नीट समजावलं होतं की मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं. आता साठी उलटल्यावर तीच चूक त्यांच्याच हातून झाली होती.

"पहिली दुपार गेली," सुमित्राबाई म्हणाल्या आणि मासळीची रिकामी टोपली कमरेवर घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी सल्ल्यांची रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरचा निखिल ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो लिफ्टमध्ये भेटला. "काका, हे सगळं हाताने कशाला करताय? सिस्टिमलाच सांगा ना, ती सांभाळते."

"ते कसं सांगायचं?"

"एकदम सोपंय," निखिल म्हणाला, तेवढ्यात लिफ्ट तळाला आली, त्याचा फोन वाजला आणि तो कानाला यंत्र लावून कोणाला तरी इंग्रजीत सॉरी म्हणत गेटबाहेर पडला. पुढचे दहा दिवस तो सरांना लिफ्टमध्ये फक्त पाठमोरा दिसला.

हौसेरावांचा सल्ला अनुभवाचा होता. "सर, रातच्या गाडीवर ड्रायव्हर जागा हाय का ते क्लीनर कसं बघतो? यादी काढतो व्हय? खांद्यावर थाप मारतो. 'हाय ना?' आतनं 'हाय' आलं की गाडी चालू." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तसं म्हणाल तर मला घरबसल्या कळतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये सतराव्या मिनिटाला माझा खोकला हाय. खोकला आला की चालू. न्हाय आला की बंद."

खोकल्याचं सरांनी मनावर घेतलं नाही, पण थापेची कल्पना त्यांना पटली. संगणकात प्रत्येक चालू कामाला एक क्रमांक मिळतो, हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा. सरांनी जप सुरू होताच त्याचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवला. मग दर मिनिटाला त्या क्रमांकाला थाप मारायची. या थापेच्या आज्ञेचं नाव दुर्दैवाने 'किल' असं आहे. पण तिला पुढे शून्य सांगितलं की ती मारत नाही, नुसतं 'आहेस का' असं विचारते. सरांनी हे मीनाताईंना फार समजावून सांगितलं. मीनाताई म्हणाल्या, "देवळाच्या कामात असले शब्द कशाला? दुसरं काही मिळालं नाही?"

दुसरी दुपार. जप क्रमांक आठशे बारा. पाऊण तास उत्तम गेला. मग हौसेराव ऑफिसात आले. त्यांच्या फोनची बॅटरी संपत आली होती. भिंतीवर एकच प्लग, त्यात कसली तरी वायर. त्यांनी ती काढली, आपला चार्जर लावला, चूक लक्षात येताच वायर पुन्हा होती तशी लावली आणि याबद्दल कोणाला सांगण्यासारखं काही नाही, असं ठरवून पेपर वाचत बसले. संगणक नव्याने उठला. चिठ्ठीने फाइल उघडली, आठशे बारा वाचलं आणि त्या क्रमांकाला थाप मारली. "आहेस का?" "आहे," उत्तर आलं.

पण ते उत्तर जपाचं नव्हतं. संगणक नव्याने उठला की क्रमांकही नव्याने वाटतो. या खेपेला आठशे बारा हा क्रमांक छपाईयंत्राची वाट पाहत बसणाऱ्या एका प्रोग्रॅमला मिळाला होता. सतरा नंबरचा मुलगा शाळा सोडून जातो, जूनमध्ये सतरा नंबर दुसऱ्याला मिळतो आणि आपण जुना पट काढून "सतरा?" म्हटलं तर "हजर" येणारच. त्यात नव्या सतराची काय चूक?

देवळात शांतता आणि ग्रुपवर 'जप चालू आहे'. त्याखाली सुमित्राबाईंच्या सुनेने अंगठा खाली केलेलं एक चित्र टाकलं. त्याला चौतीस जणांनी दुजोरा दिला. सर त्या संध्याकाळी भाजीलासुद्धा मागच्या गेटने गेले.

तरी त्यांनी सेक्रेटरींना रीतसर अर्ज दिला: वीज जाणे किंवा प्लग निघणे या कारणांनी खंड पडू नये म्हणून संगणक आणि स्पीकर यांना बॅटरी मिळावी. 'प्लग निघणे' हे वाचताना हौसेरावांना खोकला आला. समितीची तातडीची बैठक झाली आणि ठराव आला: संगणकासाठी बॅटरी मंजूर; स्पीकर हा सांस्कृतिक खात्याखाली येत असल्याने तो भाग पुढील बैठकीत विचारार्थ. पुढची बैठक सप्ताहानंतर होती.

तिसऱ्या दुपारसाठी सरांनी ठरवलं की आता नाव आणि क्रमांक दोन्ही ताडून पाहायचे, आणि तरीही शंका आली तर सरळ जप सुरू करायचा. एक वेळ दोन माणसं चालतील, शून्य नको. पण संगणक जुना, दमेकरी. एका चिठ्ठीची तपासणी पुरी व्हायच्या आत मिनिट संपे आणि दुसरी चिठ्ठी तपासायला येई. तीही बघे, कोणी नाही. मग तिसरी. पंगतीत एक पाट रिकामा दिसावा आणि तिघांनी तीन बाजूंनी येऊन एकदमच त्यावर बसावं, तसं झालं. जप बंद पडला आणि दोन-तीन मिनिटांनी तीन जप एकमेकांच्या मागोमाग सुरू झाले. एक 'राम' म्हणतोय तोवर दुसरा 'हरी'वर, तिसरा मधेच. सतराव्या मिनिटाला हौसेराव एकदा खोकले, वीस सेकंदांनी पुन्हा खोकले आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खऱ्या हौसेरावांनी खाली वाकून ते ऐकलं आणि घशाला हात लावून पाहिला.

सर देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसले. तीन दुपारी संपल्या होत्या. एकवीस वर्षांचा सप्ताह या आवारातून जाणार होता आणि तो कोणामुळे गेला, हे पुढची एकवीस वर्षं दर सभेत निघणार होतं.

सुमित्राबाई येऊन शेजारी बसल्या. रिकामी टोपली त्यांनी पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी रोज कोनाला इचारता, चालू हाय का म्हनून?"

सरांनी सांगितलं. शांतपणे, पहिल्यापासून. यादी, क्रमांक, थाप. ऐकणारं माणूस भेटलं की त्यांना स्वतःचं दुःखही नीट मुद्देसूद सांगता येई.

सुमित्राबाईंनी पदराने मान पुसली. "आमी कोनाला इचारीत नाय. चार वाजता पहाऱ्याला मी येतंय, तं यादी बघतंय काय? वीना बघतंय. वीना एकच हाय. जेचे गल्यान हाय तो उभा. दुसऱ्याला घेवाला मिलतच नाय, तं दोघं उभं कसं रातील?"

"आणि तो चक्कर येऊन पडला तर?"

"तेसाठी बाजूला एक बसवलेला असतं ना. हात पुढं करूनच बसतं. वीना सुटली का तेचे हातान. मधी एक सास जातं, तेवरा विठ्ठल समजून घेतं."

सर उठून उभे राहिले. त्यांना सापडलं होतं, आणि ते पुस्तकात नव्हे, टोपलीशेजारी सापडलं होतं.

संगणकातही अशी वीणा असते. तिला कुलूप म्हणतात. एक रिकामी फाइल घ्यायची आणि ठरवायचं की ही ज्याच्या हातात, त्यानेच जप वाजवायचा. प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत कुलूप त्याच्याकडे. तो कसाही मेला, चक्कर येऊन, प्लग निघून, वयाने, तरी संगणक स्वतःच ते त्याच्या हातून सोडवून घेतो. जाणाऱ्याला 'मी जातो' म्हणावंही लागत नाही. मग 'कोण आहे?' हा प्रश्नच उरत नाही. हात पुढे करायचा. वीणा मिळाली नाही तर कोणीतरी उभा आहे. मिळाली तर जागा रिकामी, आपण उभं राहायचं. सरांनी बाजूला हात पुढे करून बसणारा दुसरा पहारेकरीही बसवला. संध्याकाळभर त्यांनी सुमित्राबाईंसमोर जप वीस वेळा मारून पाहिला आणि वीसही वेळा तो एका श्वासात उठला.

"बरा हाय," सुमित्राबाई म्हणाल्या. "ठेवतंय वीना. पन मास्तर, तुमी बाजूला बसायचा. मशीनवर सोरून जेवाला जायाचा नाय."

सप्ताह बसला. देवळाच्या खांबावर हौसेरावांनी पहाऱ्यांचा तक्ता लावला. प्रत्येक चौकटीत नाव, आणि रोज बारा ते चारच्या चौकटीत 'संगणक'. दुपारी वीणा मखमली आसनावर विसावे, शेजारी स्पीकर, शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत परुळेकर सर. संगणक ऑफिसातून हलवायला ठराव लागला असता, म्हणून तो तिकडेच. मीनाताई डबा आणून देत. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. जप चारदा मेला, चारदा उठला, हौसेराव वेळेवर खोकले, ग्रुपवरचे अंगठे वर झाले. एक गोष्ट फक्त सरांच्या ध्यानात आली नाही. रोज चार तास तेच ऐकून चौथ्या दिवसापासून त्यांचे ओठही हलू लागले होते. पाढे म्हणणाऱ्या मुलांबरोबर मास्तरांचे हलतात तसे.

सातव्या दुपारी एक वाजून पस्तीस मिनिटांनी सगळ्या सेक्टरची वीज गेली.

पंखा थांबला. स्पीकरचा हिरवा दिवा विझला. ऑफिसात बॅटरीवरचा संगणक सुखाने जप वाजवत राहिला आणि तो ऐकायला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. सरांच्या खिशातला फोन वाजला. जप चालू आहे. यादी खरी होती, क्रमांक खरा होता, कुलूपही हातात होतं. या वेळी चिठ्ठी एका अक्षराने चुकली नव्हती.

सर खुर्चीतून उठले. तुटलं. सातव्या दिवशी, पहाऱ्याचे जेमतेम अडीच तास उरले असताना. त्यांनी कान दिला, निदान रस्त्यापलीकडे तरी कुठे ऐकू येतंय का. आणि त्यांना ऐकू आलं. राम कृष्ण हरी. हळू, किंचित बेसूर, अगदी जवळून. कोण म्हणतंय ते पाहायला त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. देवळात दुसरं कोणी नव्हतं.

मग त्यांनी न थांबता वीणा उचलली, गळ्यात घातली आणि आवाज मोठा केला.

त्यांचा आवाज गाण्याचा नव्हता. एकोणतीसच्या पाढ्याचा होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. पाच मिनिटांत मीनाताई बाल्कनीत आल्या. "अहो, हे तुम्ही?" सरांना उत्तर देता येईना. त्यांनी भुवया वर केल्या. "ताक पाठवू का?" सरांनी भुवया आणखी वर केल्या. थोड्या वेळाने हौसेराव जिन्यावरून धापा टाकत उतरले. "सर, माझा खोकला आला न्हाय. बंद हाय का काय?" समोरचं दृश्य पाहून ते थांबले, टोपी काढली आणि चढउतारामुळे की भक्तीने, जोरात खोकले.

वीज सव्वातीनला आली. स्पीकर बोलू लागला, पण सर थांबले नाहीत. यंत्रावरचा त्यांचा विश्वास आता आदरापुरता उरला होता.

चार वाजता सुमित्राबाई त्यांच्या पहाऱ्याला आल्या. वीणा आसनावर नाही, सरांच्या गळ्यात, हे त्यांनी पायरीवरूनच पाहिलं. हौसेरावांनी सगळं सांगितलं. ऐकून त्यांचा चेहरा गंभीर झाला. सरांसमोर येऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, खरा सांगा. मशीन बंद परली तवा, आन तुमी वीना उचलली तवा. मधी नाम कोन घेत व्हता?"

सरांना बोलता येईना. वीणा गळ्यात होती. त्यांनी ती काढून सुमित्राबाईंच्या गळ्यात घातली, दोघांचे आवाज क्षणभर एक झाले आणि मग सर थांबले. जवळजवळ अडीच तासांत पहिल्यांदा.

"मी होतो ना, बाई," ते म्हणाले. "आधीपासूनच होतो."

आता सुमित्राबाईंना बोलता येईना. त्या नाम घेत राहिल्या. डोळे मात्र सरांवरून हलेनात. मग त्यांनी एक हात सोडून खांबावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. हौसेराव लगबगीने पेन घेऊन गेले. बोट सातव्या दिवसाच्या 'बारा ते चार'वर होतं. हौसेरावांनी 'संगणक' खोडून तिथे 'परुळेकर सर' लिहिलं.

बोट तरी हललं नाही. ते सावकाश खाली सरकलं, जिथे पुढच्या वर्षीच्या सप्ताहाच्या पहाऱ्यांसाठी कोऱ्या चौकटी आखून ठेवलेल्या असतात, आणि एकीकडून दुसरीकडे ओळीने सात वेळा टेकलं.

"सातही दिवस?" हौसेरावांनी विचारलं.

सुमित्राबाईंनी मान हलवली. म्हणजे सप्ताह इथेच राहणार होता.

आपल्याला गुडघेदुखी आहे, दुपारच्या गोळ्या आहेत, निदान एक दिवसाआड तरी, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते 'राम कृष्ण हरी'.

हौसेरावांनी तो होकार समजून लिहून घेतला.